मेणबत्ती संपेपर्यंत

गुरुवार, २७ नोव्हेंबर

बियाणं कंपनीने दिलेल्या या डायरीत मी वर्षभर कुणाची रोपं कधी पेरली आणि कधी उचलली एवढंच लिहिलं. आज दुसरं लिहितोय. कारण असं की, मी बोलायला तोंड उघडलं की समोरचाच रडायला लागतो आणि त्याला पाणी मला आणून द्यावं लागतं. डायरीला पाणी लागत नाही. दुपारी नर्सरीत जेवण झालं की थोडा मोकळा असतो, तेव्हा लिहीन.

एस्तेर ऑगस्टमध्ये गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी पुण्याला नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी रडलो नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडू द्या त्याला. मीही वाट बघितली, पण रडू आलं नाही. भूक लागली की जेवतो, झोप आली की झोपतो. फक्त नऊ वाजले की दाराकडे बघितलं जातं. ती दवाखान्यातली दुपारपाळी संपवून आणि मी नर्सरी बंद करून, दोघं साधारण तेव्हाच घरी पोचायचो. पोरं समोर असतात. समृद्धी सात वर्षांची, शौर्य चार. चांगली पोरं आहेत. शेजाऱ्यांची पोरं चांगली असतात ना, तशी.

सकाळी सासूबाईंचा फोन आला. त्या संगमनेरला शिक्षिका होत्या, त्यामुळे सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही. "गोरखराव, रविवारी आगमनकाळ सुरू होतोय. येशूच्या जन्माआधीचे चार रविवार. पोरांना काहीतरी कळू द्या त्यातलं." मग लगेच, "आणि आपलं ठरलंय ना ते? नाताळनंतरचं?" ताकाला जाऊन भांडं लपवायची बाईंना सवय नाही. मी म्हणालो, ठरलंय.

ठरलंय ते असं: नाताळ झाला की दोन्ही पोरं संगमनेरला बाईंकडे राहायला जाणार. शाळेचं त्यांनी बोलून ठेवलंय, चर्च घराला लागून आहे. ऑक्टोबरात बाई इथे आल्या होत्या तेव्हा हे बोलल्या आणि मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणायचं सुचलं नाही. ज्याला पोरांकडे बघून काही वाटत नाही त्याने ती अडवून तरी काय करायची? पोरांना अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी समृद्धी पडवीत चित्र काढत होती, तिचं लक्ष नव्हतं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

काल जेवताना पोरांना म्हणालो, रविवारपासून तुमचा आगमनकाळ आहे, नानी सांगत होती. चर्चला जायचंय का?

समृद्धीने घास खाली ठेवला. म्हणाली, "मम्मी घरीच करायची."

"काय करायची?"

"परातीत गोल पाला मांडायचा. मधी चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, मग तीन, मग चार. सगळ्यांनी गोल बसायचं." मग म्हणाली, "तुमाला नाय म्हाईत. तुमी नर्सरीत असायचे."

ते खरं आहे. डिसेंबर म्हणजे उन्हाळी टोमॅटो-मिरचीच्या रोपांचा हंगाम. मी आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती. "हां, करायची की," ती तव्याकडे बघत म्हणाली. "लई बेस करायची."

आमचं लग्न झालं तेव्हा आईने एस्तेरला देव्हाऱ्यापाशी जायला कधी सांगितलं नाही आणि एस्तेरने आईला चर्चला बोलावलं नाही. दोघी एका ताटात शेंगा सोलायच्या आणि सीरियल बघायच्या. घरात दोन देव नांदले, भांडण झालं ते फक्त टीव्हीच्या रिमोटवरून. त्यामुळे आईला हे सगळं माहीत असेल यात नवल नाही. मलाच माहीत नव्हतं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

नारायणगावच्या पेठेत मेणबत्त्या घेतल्या. मी बारीक घेत होतो, समृद्धीने जाड दाखवल्या. "ह्या लवकर संपतात," असं बारीकवाल्यांबद्दल म्हणाली. पोरीला काटकसर कळते.

पाला जानकूने आणला. जानकू आहुप्याचा, नर्सरीत ट्रे भरायला असतो. दर शनिवारी गावाकडून काही ना काही घेऊन येतो. जांभळाचे डहाळे टाकून म्हणाला, "भाऊ, राईतलं न्हाई बरं का. देवाच्या राईतली काडीबी आमी आणत न्हाई. बांधावरचं हाय." मी म्हणालो, हेही देवाचंच काम आहे. तो म्हणाला, "मंग राईतल्या देवाला इचारून आनायला पायजे व्हतं. पण त्यो लांब पडतो."

सोमवार, १ डिसेंबर

काल पहिली मेणबत्ती लावली. साडेसहाला. बिबट्यामुळे हल्ली साडेपाचलाच दारं लागतात, त्यामुळे सगळे घरात होतेच. नर्सरीतून लवकर यावं लागलं ते मलाच.

समृद्धीने एस्तेरचं शास्त्र, म्हणजे बायबल, काढून मांडीवर घेतलं आणि बोट ठेवत देवदूत मरीयेकडे येतो तिथपर्यंत वाचलं. अडखळत, पण वाचलं. मग आमेन म्हणाली. शौर्य आमेन म्हणाला. आईने हात जोडले. मला वाटलं संपलं, म्हणून उठलो.

"बसा," समृद्धी म्हणाली. "मेणबत्ती संपेपर्यंत उठायचं नसतं."

"फुंकून टाकू ना."

"नाय. फुंकायची नसते. आपोआप विझली पायजे. तोवर कुणी उठायचं नाय. फोन पण नाय."

आई लगेच म्हणाली, "बराबर हाय. दिवा तोंडानं फुंकत न्हाईत, गोरख. येवढा घोडा झाला, कळाना का तुला?" ते तर आमच्यातही आहेच. देवापुढचा दिवा कुणी फुंकत नाही, तो शांत होईपर्यंत वाट बघतात. मला उलट बरं वाटलं की ख्रिस्ती लोकांतही तसंच आहे. मी बसलो. फोन पातेल्याखाली ठेवला, तो आत थरथरत राहिला.

जाड मेणबत्ती बराच वेळ जळते. जेवणसुद्धा तिथेच बसून झालं. शौर्य माझ्या मांडीला टेकून झोपला. समृद्धी मेणबत्तीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. पायांना मुंग्या आल्या. दुसरं काही वाटलं नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

मला वाटलं होतं आठवड्यातून एकदाच. नाही. मंगळवारपासून नवीन निघालं. मरीया आणि योसेफ नाझरेथहून बेथलेहेमला गाढवावरून निघालेत, ते रोज संध्याकाळी थोडं पुढे सरकवायचे. गाढव नव्हतं म्हणून पोळ्याचा मातीचा बैल घेतलाय. समृद्धी म्हणते, बैल मोठ्या माणसाने हलवायचा, घरातल्या बापाने. साडेसहालाच. आणि हलवला की त्या दिवशी प्रवासात काय झालं ते सांगायचं.

मी म्हणालो, मला काय माहीत काय झालं?

"तुमी नुसतं सांगा."

मग मी सांगतो. परवा बैल ओट्यावरून फ्रिजपर्यंत गेला, वाटेत घाट लागला. काल टीव्हीपर्यंत, तिथे टोल होता. आज आईचा मार्गशीर्षातला गुरुवार, घट मांडलेला, म्हणून बैल देव्हाऱ्यापाशी मुक्कामाला थांबणार. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गणपतीपाशी. ओझरच्या इघ्नहरानं कुन्या वाटसरूला हाकलल्यालं म्या तरी ऐकलं न्हाई."

पुढची गोष्ट तिला सांगितली की गावात पोचल्यावर त्यांना कुणी जागा दिली नाही. तर आई खवळलीच. "दिस भरल्याली बाई दारात आन् जागा न्हाई म्हनले? कसली मानसं म्हनायची ती?" शौर्यही तिच्याबरोबर रागावला. मी मध्येच एकदा हसलो असं समृद्धी म्हणते. मला आठवत नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

काल दोन मेणबत्त्या. पहिली तर मागच्या रविवारी जळून गेली, म्हणून दोन्ही नव्या. संकष्टी होती. आई सकाळी ओझरला जाऊन आली होती, चंद्र उगवेपर्यंत उपाशी. तीही परातीपाशी बसली. "मला कायतरी संपायची वाट बघायचीच हाय," म्हणाली.

मेणबत्त्या चालू असतानाच भावकीतले हौशीराम काका आले. परात बघून त्यांचं तोंड आंबट झालं. मला पडवीत बोलवत होते, मी म्हणालो उठता येत नाही, इथेच बोला. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "गोरख, ती बाई गेली, आता पोरांना आपल्या रीतीला लाव की. हे काय चाललंय मेनबत्त्यांचं?"

मी म्हणालो, काका, पोरं नाताळनंतर... आणि समृद्धी समोर बसली होती म्हणून थांबलो. ती ज्योतीकडे बघत होती.

आई म्हणाली, "हौशीराम, बसायचं आसंल तर पायतानं काढून बस. न्हाई तर चंद्र दिसला का बाहीर जाऊन बघ आन् मला सांग." काका गेले. चंद्राचं सांगायला काही परत आले नाहीत.

एका बाजूला बाई, एका बाजूला काका. दोघांनाही पोरांचा देव कोणता याची काळजी. मला कुठलाही चालेल. पण ते मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी 'बरं' म्हणेन, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

गुरुवार, ११ डिसेंबर

काल घोडेगावच्या बाजूला मिरचीची रोपं पोचवायची होती. ड्रायव्हर आला नाही, मीच टेम्पो घेऊन गेलो. उतरवायला वेळ लागला. साडेसहा तिथेच वाजले. घरी फोन केला नाही. बैल एक दिवस हलला नाही तर काय बिघडतं, असं वाटलं.

सात-सव्वासातला गावात, वारूळवाडीत शिरलो. आमच्या घराकडे वळणाऱ्या रस्त्याला दोन्हीकडे ऊस आहे. टेम्पोच्या उजेडात उसाच्या कडेला समृद्धी दिसली. एकटी. हातात टॉर्च, दुसऱ्या हातात मातीचा बैल. मागून आई हाका मारत पळत येत होती, तिला पळता येत नाही तरी. गेल्याच महिन्यात याच उसात बिबट्याची पिल्लं सापडली होती.

मी उतरून तिला उचलली आणि सीटवर बसवली. ओरडलो नाही. ती म्हणाली, "बैल तुमीच हलवायचा असतो." मग घरापर्यंत बैल मांडीत धरून बसली.

घरी आई मलाच बोलली. "पोर दार उघडून कवा गेली कळलं न्हाई मला. फोन करायला काय हात मोडले व्हते तुझे?" मी बैल हलवला. गोष्ट सांगायला घेतली तर हातातला बैल खाली ठेवता येईना, इतका हात कापत होता. थंडीचे दिवस आहेत, आणि टेम्पोची काच नीट लागत नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

शौर्य नर्सरीत आला होता. बी टाकलेले ट्रे आम्ही एकावर एक रचून प्लास्टिकने झाकून ठेवतो, कोंब येईपर्यंत. तो प्लास्टिक वर करून बघत होता. मी म्हणालो, सारखं उघडलं की ऊब जाते, झाकून ठेवायचं आणि थांबायचं. तो म्हणाला, "येशूचं पण तसंच हाय ना? दीदी म्हणते थांबायचं." मी म्हणालो, तसंच.

मग म्हणाला, "आणि मम्मी?"

मी काही बोलायच्या आत समृद्धी म्हणाली, "मम्मी मेली. ती नाय येणार. येशू येणार." अगदी सरळ आवाजात. शौर्यने मान हलवली आणि दुसऱ्या ट्रेकडे गेला. जानकूने तोंड फिरवून डोळे पुसले. मी त्याला पाण्याची बाटली दिली.

सोमवार, १५ डिसेंबर

तिसरा रविवार. पेठेतला दुकानदार म्हणाला, "काय राव, तुमची लाईट कायमची तोडली का काय?"

काल बैल हलवून झाल्यावर समृद्धीने नवा नियम सांगितला. तिसरा रविवार आनंदाचा असतो, म्हणून पप्पाने मम्मीची गोष्ट सांगायची, रडायची नाही, हसायची. मी म्हणालो, असं मम्मी करायची? ती म्हणाली, "हो. तवा ती तुमची सांगायची."

मग मी सांगितली. पायात खिळा घुसला म्हणून दवाखान्यात गेलो होतो, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला. नर्स नवीन होती. तिने सुई काढली आणि मी आडवा. शुद्धीवर आलो तर ती वारा घालत होती आणि म्हणत होती, "अजून दिलं नाहीये हो." दुसऱ्या आठवड्यात मी परत गेलो. खिळा वगैरे काही नव्हतं. तिने विचारलं, आता काय? मी म्हणालो, तेव्हाचं इंजेक्शन नीट लागलं का ते बघा.

शौर्य हसून हसून पालथा पडला. आईला ही गोष्ट माहीतच नव्हती. "म्हंजी खिळ्यानं सून आनली व्हय!" म्हणून तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिन्ही मेणबत्त्या कधी संपल्या ते कळलं नाही. लाईट बंदच होती, त्यामुळे अंधार झाला तेव्हा समजलं. नर्सरीत पाण्याचा कॉक चालू राहिला होता, तेही सकाळी आठवलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

पोरांसाठी दोन बॅगा आणल्या. माळ्यावर ठेवल्या. आईने बघितल्या.

"तुला पोरं जड झाली का रं?"

"जड नाही झाली. मला काही वाटतच नाही आई. अशा माणसापाशी कशाला ठेवायची?"

"वाटत न्हाई, तर त्या दिशी हात का कापत व्हता?"

मी थंडीचं सांगितलं. आई उठली. तिने गुळाचा चहा केला आणि पुढ्यात ठेवला. कुणाचंही बरोबर असलं तरी पोरांचा विचार आधी करायला हवा, असं मी स्वतःला सांगतोय. बाईंकडे मोठं घर आहे, रोजची प्रार्थना आहे, त्या अभ्यास घेतात. इथे बाप संध्याकाळी मातीचा बैल ढकलतो.

सोमवार, २२ डिसेंबर

काल दुपारी बाई आल्या. पोरांसाठी कपडे, करंज्या, गव्हाणीचं छोटं चित्र. संध्याकाळी परात मांडली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "गोरखराव, मला वाटलं नव्हतं तुम्ही एवढं कराल." चार मेणबत्त्या लागल्या. बाईंनी प्रार्थना केली, स्वच्छ, न अडखळता. सगळे आमेन म्हणाले. मग त्या पुढे वाकल्या आणि मेणबत्ती फुंकायला तोंड नेलं.

शौर्य ओरडला, "नाय! आपोआप विझते!"

"अरे, फुंकून ठेवतात. पुढच्या वेळी तीच लावायची. म्हणून तर पहिली सगळ्यात बुटकी होते." बाईंनी परातीत बघितलं. चारही एकसारख्या, नव्या कोऱ्या. "हे कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, एस्तेर असंच करायची ना.

"एस्तेर?" बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "एस्तेर कधी करणार? तिची कायम दुपारपाळी. नऊला घरी यायची ती. मीच तिच्यावर रागवायचे दरवर्षी, की पोरांसाठी एक मेणबत्तीसुद्धा लावत नाहीस म्हणून. ती म्हणायची, मम्मी, रजा मिळाली की करीन."

मला नऊ वाजता दाराशी भेटायची ती एस्तेर मलाच आठवायला हवी होती. महिनाभर आठवली नाही.

बाईंनी विचारलं, "समू, मम्मीने कधी केलं हे?"

समृद्धीने आईकडे बघितलं. आई परातीतला जांभळाचा पाला नीट करत होती, तो नीटच होता. मग समृद्धी माझ्याकडे वळून म्हणाली, "मेणबत्ती चालू हाय. उठायचं नसतं."

कुणी उठलं नाही. बाईसुद्धा नाही. चार जाड मेणबत्त्या संपेपर्यंत आम्ही बसून होतो.

मंगळवार, २३ डिसेंबर

काल आईला गोठ्याच्या मागे गाठलं. तुला ठाऊक होतं?

"मंग? रोज सांजच्याला ह्या पोरांपाशी कोन व्हतं? मीच की. कसली परात आन् कसला बैल."

"मग खोटं का बोललीस?"

"पोरीनं मला आधीच सांगितलं व्हतं. म्हनली, आजी, तू हां म्हन, मंग पप्पा घरी बसंल. म्या म्हनलं, देवाच्या नावानं का व्हईना, बसंल तर बसू दे." मग म्हणाली, "आन् ती पडवीत चित्र काढत व्हती ना, आक्टोबरात? चित्र कोरंच व्हतं, गोरख. म्या बघितलं. सगळं ऐकलं तिनं. नाताळापतुर तुला घरात बसायची सवय लागली तर तू पाठवनार न्हाईस, असं तिच्या मनानं घेतलं."

मला राग आला. सात वर्षांच्या पोरीने आणि सत्तरीच्या आईने मला महिनाभर बसवून ठेवलं, आणि मी टोल नाक्याच्या गोष्टी सांगत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नर्सरीत येऊन जानकूवर विनाकारण ओरडलो. तो म्हणाला, "भाऊ, बरं वाटलं. लई दिसांनी वरडलात." त्याच्यावर आणखी ओरडलो.

गुरुवार, २५ डिसेंबर

सकाळी सगळे चर्चला जाऊन आलो, आईसुद्धा. तिने पुरणपोळी केली, येशूचा वाढदिवस म्हणून. जेवणं झाल्यावर बाईंनी पोरांना जवळ घेतलं आणि सांगितलं, की उद्या आपण संगमनेरला जायचं, आता तिथेच राहायचं.

शौर्य म्हणाला, दीदी येणार का? बाई म्हणाल्या, हो. पप्पा? बाई म्हणाल्या, पप्पा भेटायला येतील.

मी समृद्धीकडे बघत होतो. मला वाटलं आता ती काहीतरी काढेल. नाताळनंतर बारा दिवस बैल परत न्यायचा असतो, किंवा काहीतरी. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय," आणि उठून आत गेली.

बराच वेळ आली नाही म्हणून मी गेलो. तिने स्टूल लावून माळ्यावरची बॅग काढली होती. शौर्यचे कपडे भरत होती. स्वेटरची बटणं आधी लावायची, मग बाह्या मागे दुमडायच्या, मग मधून घडी. तिचं तोंड कोरडं होतं. रडल्याची खूण नाही, रागावल्याची नाही. ओठ मिटलेले, हात चाललेले. ते तोंड मी ओळखलं. ऑगस्टपासून रोज दाढी करताना आरशात बघतोय.

मला भीती वाटली. खरी.

"ठेव ते," मी म्हणालो.

तिने ऐकलं नाही. मी तिच्या हातातून स्वेटर घेतला. "समू, ठेव. नाही जायचं."

"नानीला तुमी बरं म्हणाले होते."

"चुकलं माझं. आता नाही म्हणतो."

तिने विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. ती माझ्या पोटाला धरून अशी रडली की बाहेरून आई आणि बाई दोघी धावत आल्या. मीही रडत होतो. बाईंना तेव्हाच, तसंच रडत सांगितलं. बाई, माफ करा, पोरं मी नाही देणार.

बाई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी खोली रंगवून घेतली, गोरखराव. गुलाबी." मग तिथेच उंबऱ्याशी बसल्या. आई शेजारी बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून.

शुक्रवार, २६ डिसेंबर

बाईंना दुपारच्या एसटीला बसवून आलो. मी त्यांचं नुकसान केलंय, ते मला कळतं. त्यांची लेक गेली आणि आता नातवंडंही नाहीत. स्टँडवर त्या म्हणाल्या, "मे महिन्याची सुट्टी पूर्ण माझी." मी बरं म्हणालो. या वेळी विचार करून म्हणालो. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून समृद्धीला सांगितलं, "पुढच्या वर्षी मेणबत्त्या फुंकायच्या बरं का. देवाला उधळपट्टी आवडत नाही." समृद्धीने मान हलवली. बाई डोळे पुसत हसल्या.

घरी आलो तर साडेपाच वाजत आले होते. मी हातपाय धुऊन बैठकीत बसलो, सवयीने. समृद्धी शौर्यला घेऊन भिंतीला पाय लावून झोपायचा कसला तरी खेळ खेळत होती. मध्येच तिने मान वळवली.

"पप्पा, तुमी नर्सरीत गेले तरी चालंल आज."

मी म्हणालो, जाऊ?

"जा की." आणि परत खेळायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही.

गेलो. जानकूने अर्ध्या ट्रेंना पाणी दिलं होतं, उरलेल्यांना मी दिलं. दोन फोन आले, दोघांना उद्या या म्हणून सांगितलं. मग पाइप गुंडाळताना लक्षात आलं की मी घाई करतोय. घरी जायची. ही डायरीही इथेच शेडमध्ये उभ्याने लिहितोय, उद्या दुपारपर्यंत थांबवलं नाही म्हणून. आता बंद करतो आणि निघतो.